साहेब गेले, एवढंच तो म्हणाला

माझ्या भाच्याला सगळे नेमक्या म्हणतात. खरं नाव आहे त्याला, पण ते हजेरीपटाबाहेर कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. शाळेत काच फुटली की नेमका हा खिडकीपाशी उभा. शेजाऱ्यांच्या सायकलची हवा गेली की नेमका हा तिला टेकून बसलेला. बरं, नुसता तिथे असता तरी भागलं असतं. पण विचारलं की खरं सांगणार! "काच कुणी फोडली?" असं मुख्याध्यापकांनी विचारलं, तर म्हणाला, "तुमच्या मुलाने, सर." म्हणजे एकदा मुख्याध्यापकांचा मार खाल्ला आणि शाळा सुटल्यावर त्यांच्या मुलाचा.

मी त्याचा सख्खा मामा. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात हेडक्लार्क आहे. लोक म्हणतात, मी तापट आहे. असेन. तीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढून कुणाचा स्वभाव गोड राहिला असता ते मला दाखवा. या नेमक्याची आई माझी मोठी बहीण, माझी ताई. पोरगा तिसरीत असताना भावजी वारले. तेव्हापासून ताईने शिवणयंत्रावर घर चालवलं. लोकांच्या पॅंटी खालून आखूड करायच्या, परकर शिवायचे, पडदे शिवायचे. पोरगा पदवीधर झाला तेव्हा ती मला म्हणाली, "आता तू बघ रे याचं काहीतरी."

मी बघायच्या आधी त्याने स्वतःच दोन ठिकाणी बघून घेतलं. पहिल्यांदा बुटांच्या दुकानात लागला. गिऱ्हाईक विचारायचं, "टिकतील ना हो?" हा आपला पाय पुढे करून म्हणायचा, "हे इथलेच आहेत. चार महिन्यांत तळ सुटला." अकराव्या दिवशी मालकाने त्याला त्याच बुटांवर घरी पाठवलं. मग एका सात मजली इमारतीत लिफ्टवर लागला. लिफ्टवर बसून बटणं दाबायची, यात माणूस काय घोळ घालणार? पण एका बाईंनी सहज विचारलं, "लिफ्ट चांगली आहे ना?" हा म्हणाला, "काल दोनदा अडकली. एकदा पाऊण तास." त्या दिवसापासून अख्खी इमारत जिन्याने चढायला लागली आणि सहाव्या मजल्यावरच्या वकिलांनी मालकावर दावा लावला.

शेवटी मीच नाक मुठीत धरून साहेबांकडे गेलो आणि त्याला आमच्याकडे चिकटवला. आवक-जावकच्या टेबलावर, हंगामी. आवक-जावक म्हणजे आलेलं टपाल नोंदवायचं, जाणारं टपाल नोंदवायचं, आणि बाहेरून फोन आला तर घ्यायचा. अकरा महिन्यांची नेमणूक, मग एक महिन्याची सुट्टी, की पुन्हा अकरा महिने. अशा तीन नेमणुका पुऱ्या झाल्या की साहेबांच्या एका सहीने माणूस कायम होतो. अट एवढीच, की वय तिशीच्या आत हवं. नेमक्याच्या तीन नेमणुका पुऱ्या होत आल्या होत्या, आणि त्याच महिन्याच्या एकतीस तारखेला त्याला तीस पुरी होत होती. नेमकं! फाईल मी स्वतः तयार केली, स्वतः साहेबांच्या टेबलावर ठेवली. ताई रोज संध्याकाळी फोन करायची. "झाली का रे सही?" दुसरं काही विचारायचीच नाही. तिचे डोळे अधू झाले होते, सुईत दोरा ओवायला तिला पोराला हाक मारावी लागायची. पोरगा कायम झाला की यंत्रावर कापड टाकून देते, असं ती म्हणायची.

आता इथे मला एक मागची गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगायला मला आवडत नाही.

नेमक्या नवीन लागला तेव्हाची गोष्ट. एका बाईंचा फोन आला. "आमच्या भागात पाणी कधी येणार?" हा म्हणाला, "आज नाही येणार. व्हॉल्व्ह दुरुस्त करणारा माणूस मागच्या खोलीत पत्ते खेळतोय. डाव संपला तर उद्या येईल." बाई कुणा पुढाऱ्याच्या वहिनी निघाल्या. वरून खालपर्यंत सगळ्यांची हजेरी घेतली गेली. माझ्या डोक्यात तिडीक उठली. मी त्याला फाईलींच्या खोलीत नेलं आणि म्हणालो, "गाढवा, तुला तोंड दिलंय ते काय सगळं बाहेर ओतायला? आजपासून फोनवर विचारलं तेवढंच सांगायचं. पाच शब्दांच्या वर गेलास तर माझ्याशी गाठ आहे." त्याने शांतपणे विचारलं, "आणि समोरच्याला नीट कळलं नाही तर?" मी म्हणालो, "कळलं नाही तर तो पुन्हा विचारेल. तू आपणहून काही बोलायचं नाहीस." आणि पालथ्या घड्यावर पाणी नको म्हणून मी ते कागदावर लिहून दिलं. 'विचारलं तेवढंच. पाच शब्दांत.' त्याने ती चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली सरकवली. तीन वर्षं ती तिथे होती, आणि खरं सांगतो, तीन वर्षं फोनची एकही तक्रार आली नाही. मला माझाच अभिमान वाटायचा.

तर त्या महिन्यातल्या एका मंगळवारी साहेबांची दाढ दुखायला लागली. म्हणजे दुखत होती दोन आठवड्यांपासून, पण साहेबांना आपल्या दातांचा फार गर्व. सहलीला गेलो की बाटल्यांची झाकणं दातांनी उघडून दाखवायचे. असा माणूस दाढ दुखते म्हणून कुणाला कसा सांगणार? दुपारी तीनच्या सुमाराला त्यांना राहवेना. गाल धरून केबिनच्या बाहेर आले. आम्ही सगळे चहाला गेलो होतो. बाहेर नेमका हा.

"मी दातवाल्याकडे चाललोय," साहेब म्हणाले. "कुणालाही सांगू नकोस. आतला पंखा बंद कर." आणि मागच्या जिन्याने उतरले.

पाच मिनिटांनी मुख्य कार्यालयातून फोन आला. पुढचं बोलणं मी मनाने रचलेलं नाही. तिकडच्या बाईंनी ते वहीत टिपून ठेवलं होतं आणि नंतर चौकशीत त्याची नक्कल माझ्याच हातांनी झाली.

"मोठे साहेब आहेत का?"

"नाही. साहेब गेले."

"गेले? कधी?"

"आत्ताच. पाच मिनिटं झाली."

"अरे देवा! असे अचानक?"

"हो."

"काही त्रास होत होता का?"

"दोन आठवडे. बोलत नव्हते."

"जवळ कोण होतं?"

"मी."

"काही म्हणाले का शेवटी?"

"पंखा बंद कर म्हणाले."

"घरच्यांना कळवलं का?"

"कुणालाच सांगू नको म्हणाले."

यानंतर बाई रडायला लागल्या. आता रडणं हा काही प्रश्न नव्हे, त्यामुळे नेमक्याने उत्तर दिलं नाही. थोडा वेळ वाट पाहून त्याने फोन ठेवला, आणि चार वाजता जावक टपाल घेऊन तो टाकीच्या कार्यालयात गेला. तिथून परस्पर घरी.

तुम्ही म्हणाल, एवढं साधं कळू नये? आपल्याकडे घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. का, ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'गेले' हा शब्द कसा, शेपूट लावून वापरायचा. जेवायला गेलेत, मीटिंगला गेलेत, बाहेर गेलेत. नुसतं 'साहेब गेले' म्हटलं की ऐकणारा खाली बसतो. हे नेमक्यालाही ठाऊक होतं. पण कुठे गेले ते बाईंनी विचारलं नाही, आणि सांगायची साहेबांनी बंदी केली होती. उरलं काय? दोन शब्द.

साडेचारला मुख्य कार्यालयाचं परिपत्रक आलं. 'अत्यंत दुःखाने कळविण्यात येते की.' मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि हातातला कप खिडकीत ठेवला. आमच्याकडे दोन नंबरचे एक अधिकारी आहेत, त्यांना आम्ही दुसरे साहेब म्हणतो. दुसरे साहेब परिपत्रक वाचून म्हणाले, "खात्रीची बातमी आहे ना?" मी म्हणालो, "वरून आलंय." त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की ना?" मी म्हणालो, "शिक्का आहे." मग त्यांनी रुमाल काढला.

साहेबांचा फोन बंद होता. कुटुंब दुसऱ्या गावी, त्यांचा नंबर साहेबांच्या खणात, आणि खणाची किल्ली साहेबांच्या खिशात. शिपाई क्वार्टरवर जाऊन आला, तिथे कुलूप. तेव्हा गावी नेलं असणार, असं ठरलं. ठरलं म्हणजे दुसऱ्या साहेबांनी ठरवलं. वास्तविक साहेब दाढ काढून, इंजेक्शनच्या गुंगीत, आपल्या एका मित्राच्या दिवाणखान्यात तोंड उघडं टाकून झोपले होते.

फोन कुणी घेतला होता, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. परिपत्रक हातात असताना माणसाला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सभागृहात शोकसभा. साहेबांचा फोटो मोठा करून आणला, समोर फुलं ठेवली, माईक लावला. नेमक्या नऊला आला तेव्हा शिपायाने त्याला खुर्च्या मांडायला लावल्या. मीटिंग असेल असं त्याला वाटलं. फोटो शेवटी आला, तोही कागदात गुंडाळलेला.

दोन मिनिटं उभे राहून झाल्यावर दुसरे साहेब बोलले. "आमच्या डोक्यावरची सावली गेली," म्हणाले. अहो, यांची बसायची उशी आणि पाण्याचा तांब्या सकाळी साडेनऊलाच साहेबांच्या केबिनमध्ये गेला होता, मी डोळ्यांनी पाहिलं. स्टोअरकीपर बोलला. त्याला साहेबांनी दोनदा मेमो दिला होता. तो म्हणाला, "रागावायचे, पण त्या रागात माया होती." टायपिस्ट बाई उभ्या राहिल्या, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "त्यांचं अक्षर वाचता यायचं." आणि बसल्या. मग मी उठलो. मी म्हणालो, "ते मला वडिलांसारखे होते." साहेब माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत. पण बोलताना माझा गळा भरून आला, खोटं कशाला सांगू. फाईलवर सही राहिली म्हणून भरून आला की साहेब गेले म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

आणि मग मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. मागे खुर्ची धरून उभा असलेला नेमक्या हातवारे करून मला काहीतरी सांगत होता. एव्हाना मुख्य कार्यालयातून कळलं होतं, की शेवटच्या वेळी आवक-जावकवाला जवळ होता. नव्या साहेबांच्या नजरेत पोरगा भरेल, असा मी हिशोब केला. मी माईकवरून म्हणालो, "साहेबांच्या अखेरच्या क्षणी जो त्यांच्याजवळ होता, तो आपल्यातच आहे. त्याने दोन शब्द सांगावेत."

नेमक्या पुढे आला. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पाच शब्दांत मावेना, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"साहेब मेले असं मी म्हणालो नव्हतो," तो म्हणाला. "गेले म्हणालो. ते दाढ काढायला गेलेत. कुणाला सांगू नको म्हणाले होते, पण आता सांगितलंच पाहिजे."

मी म्हणालो, "काय बरळतोस?" तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी किंचाळलं.

साहेब दारात उभे होते. डावा गाल सुजून टरबूज झालेला, तोंडात कापूस. नंतर कळलं, की दुसरे साहेब सावलीविषयी बोलत होते तेव्हापासून ते तिथे उभे होते. एका माणसाने त्यांना पाहून 'आत या, जागा आहे' अशी खूणही केली होती, तो नवीन होता.

साहेब सरळ चालत पुढे आले आणि स्वतःच्या फोटोसमोर, पहिल्या रांगेत, दुसऱ्या साहेबांच्या खुर्चीवर बसले. बोलता येत नव्हतं. खिशातून पेन काढून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे दिलं. मला वाटलं, सगळ्यांना घरी बसवणार. कागदावर लिहिलं होतं, 'अजून कोण कोण बोलायचं राहिलंय?'

तिघे राहिले होते. तिघेही बोलले. नुसता भूतकाळाचा वर्तमानकाळ केला. साहेब मान हलवत ऐकत होते आणि एका ठिकाणी त्यांनी डोळे पुसले.

मला वाटलं, सुटलो. साहेबांना राग आलाच नव्हता. आपण एवढे प्रिय आहोत हे त्यांना माहीत नव्हतं, आणि जिवंतपणी हे ऐकायला मिळणारा माणूस विरळा. सगळी भाषणं त्यांनी टाईप करून मागवली. तो मोठा फोटोही केबिनमध्ये लावून घेतला, फुलं तेवढी काढून. स्टोअरकीपरचा मेमो रद्द झाला. दुसऱ्या साहेबांची उशी परत गेली, पण कुणी त्यावर काही बोललं नाही.

पण मुख्य कार्यालय ऐकेना. त्यांनी परिपत्रक काढलं होतं, आणि परिपत्रक चुकीचं असू शकत नाही. त्यांनी साहेबांचा हयातीचा दाखला मागितला. आता आमच्या कार्यालयात हयातीच्या दाखल्यावर सही करायचा अधिकार एकट्या साहेबांना. साहेबांनी आपण जिवंत असल्याचं सहीनिशी लिहून पाठवलं. तिकडून उत्तर आलं, 'सदर अधिकारी आमच्या अभिलेखानुसार मयत असल्याने त्यांची सही ग्राह्य धरता येत नाही.' हे आठ दिवस चाललं. शेवटी साहेब स्वतः जाऊन तिथल्या बाईंसमोर उभे राहिले. बाई पुन्हा रडल्या. मग प्रकरण मिटलं, पण एक कागद मागे राहिलाच. 'जिवंत अधिकाऱ्याचे निधन कोणामुळे झाले, याची चौकशी करून जबाबदारी निश्चित करावी.'

इथे घोडं पेंड खातं. दुःख करणाऱ्यांना साहेब शिक्षा करणार नव्हते. परिपत्रक काढणाऱ्यांना आम्ही शिक्षा करू शकत नव्हतो. आणि मनातल्या मनात साहेबांचा एकावरच दात होता. दाढेची गोष्ट भर सभेत माईकवरून कुणी फोडली होती?

तीन जणांची चौकशी समिती बसली. दुसरे साहेब अध्यक्ष, टायपिस्ट बाई सदस्य, आणि मी लिहून घ्यायला. भाचा असला म्हणून काय झालं, दुसरं कुणाला नीट लिहिता येत नाही, असं साहेब म्हणाले. तारीख होती अठ्ठावीस.

आदल्या रात्री मला झोप लागली नाही. ती चिठ्ठी! माझ्या हातची, माझ्या वळणाची, काचेखाली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. उद्या समिती टेबल बघायला आली तर? माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात लाल शाईचा एक ठिपका नाही. मी सकाळी आठलाच कार्यालयात गेलो, शिपायाला झाडू मारायला दुसरीकडे पाठवला आणि आवक-जावकच्या टेबलाची काच उचलली. चिठ्ठी नव्हती. तिच्या जागी लाकडावर पांढुरका चौकोन तेवढा होता. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! वाऱ्याने उडाली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. काचेखालचा कागद वाऱ्याने उडतो होय! पण माणसाला पटवून घ्यायचं असलं की काहीही पटतं.

अकराला नेमक्या समोर येऊन बसला. इस्त्रीचा शर्ट, ताईने बटणं नवीन लावून दिलेली. दुसऱ्या साहेबांनी विचारलं, तेवढ्याचंच त्याने उत्तर दिलं. फोन तू घेतलास? हो. साहेब गेले म्हणालास? हो. कुठे गेले ते का नाही सांगितलंस? विचारलं नाही.

दुसरे साहेब म्हणाले, "लिहा, उद्धट उत्तर." मी लिहिलं.

मग टायपिस्ट बाईंनी चष्मा काढला. बाई कमी बोलतात, पण बावीस वर्षं माझे मसुदे टाईप करतात. अर्धवट काढलेला माझा 'श' त्या दुरून ओळखतात. त्या नेमक्याला म्हणाल्या, "हे बघ, तू मुळात असा तुटक बोलणारा नाहीस. पहिल्या महिन्यात तू फोनवर भडाभडा बोलायचास, मला आठवतं. विचारलं तेवढंच सांगायचं, हे तुला शिकवलं कुणी?"

असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझं पेन थांबलं. आता हा सांगणार. हा आयुष्यात खोटं बोललेला नाही. मुख्याध्यापकांना बोलला नाही, बूटवाल्याला बोलला नाही, लिफ्टवाल्याला बोलला नाही. याला खोटं बोलताच येत नाही म्हणून तर याची ही गत. मी मनात म्हणालो, सांगून टाक बाबा, मीही मोकळा होईन.

"कुणी नाही," नेमक्या म्हणाला. "माझी मीच सवय लावून घेतली."

हे म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. वरच्या खिशावरून एकदा हात फिरवला फक्त. खिशात घडी घातलेल्या कागदाचा कोपरा दिसत होता.

बाई म्हणाल्या, "नक्की?"

"नक्की."

"लिहा," दुसरे साहेब मला म्हणाले.

आणि मी लिहिलं. 'कोणीही शिकविले नाही. सवय स्वतःची.' माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसलं. फरक इतकाच, की चोरच कारकून होता. मी भित्रा आहे. दुसऱ्यांवर ओरडणारी माणसं बहुतेक भित्रीच असतात, पण हे कळायला मला अठ्ठावन्न वर्षं लागली.

संध्याकाळी अहवाल गेला. दुसऱ्या दिवशी नेमक्याची फाईल साहेबांच्या केबिनमधून माझ्या टेबलावर आली. सहीच्या जागी सही नव्हती, शेरा होता. 'शिफारस करता येत नाही.'

त्या संध्याकाळी ताईचा फोन येण्याआधी मीच तिच्याकडे गेलो. ती यंत्रावर बसली होती, कुणाचा तरी पडदा होता. नेमक्या खाली बसून यंत्राचा पट्टा घट्ट करत होता. मी सांगितलं. ताईने पायाने यंत्र थांबवलं. रडली नाही. पडद्याची कड हातात धरून म्हणाली, "माझंच चुकलं रे. मीच याला नीट बोलायला शिकवलं नाही. बाप नाही म्हणून लाडात ठेवला. एवढा मोठा झाला तरी गेले म्हणू नये हे याला कळू नये! माझ्यामुळे गेली याची नोकरी."

मला ते ऐकवेना. काहीही ऐकवलं असतं, हे नाही.

"ताई," मी म्हणालो, "फोनवर कमी बोल म्हणून मीच दम दिला होता त्याला. लिहून दिलं होतं. चौकशीत त्याने माझं नाव घेतलं नाही."

ताईने पोराकडे बघितलं. तो पट्टा ओढत होता. "राहू दे ना आई," तो म्हणाला. "मामांची दोनच वर्षं राहिलीत."

ताईने पडदा घडी करून बाजूला ठेवला. मग ती मला जे म्हणाली ते रागाने नाही म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं. "आज एकोणतीस. अजून दोन दिवस आहेत. उद्या साहेबांना जाऊन सांग, मी शिकवलं होतं म्हणून. साहेब काय तुला खाणार आहे? तू वडिलांसारखा म्हणालास त्याला, तो ऐकेल तुझं. फार तर एक मेमो देईल. एवढं सांग. मी तुझ्याकडे आजवर दुसरं काही मागितलं नाही."

खरं होतं. मागितलं नव्हतं. मी उठलो, बूट घातले. लेस बांधायला मला जरा वेळ लागला. ती दारापर्यंत आली. मी काहीतरी बोलायची ती वाट बघत होती.

"बघू," मी म्हणालो.

ताईने मान हलवली आणि दार लावून घेतलं. आतून यंत्राचा आवाज पुन्हा सुरू झालेला मला जिन्यात ऐकू आला. एकतीस तारखेला पोराला तीस पुरी झाली. मी ते दोन्ही दिवस रजेवर होतो.